स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांच्या संघटनेचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

पेडणेकरीण
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांची एक संघटना आहे. मूळची ती सैनिकांचीच, मग एकेक करून ते गेले आणि आम्ही मुलं सुना नातवंडं उरलो. पाटी तीच राहिली, फक्त खाली बारीक अक्षरात "व वारस" असं रंगवून घेतलं. काम म्हणाल तर १८ जूनला क्रांतिदिन, १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या स्मारकावर हार, १९ डिसेंबरला झेंडावंदन, शाल-श्रीफळ, भाषणं, चहा-सामोसा आणि घरी. ह्या वर्षी कमिटीच्या मनात आलं की स्मरणिका काढूया, आणि "संघटनेचा इतिहास" हे प्रकरण माझ्या गळ्यात आलं, कारण काय तर मी शाळेत इतिहास शिकवते. सहावीच्या पोरांना हडप्पा शिकवणं वेगळं आणि हे वेगळं, पण कोणाला सांगणार.

माझ्याकडे सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात प्रोसिडिंगची जुनी रजिस्टरं, वर्गणीच्या पावत्या, फोटोंचा ढीग (मागे एकाच्याही नाव नाही), थोडे पोर्तुगीजमधले कागद जे कोणाला वाचता येत नाहीत, आणि कसर लागलेला एक तिरंगा. कमिटीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं की अध्यक्षांची नावं आणि वर्षं टाक, सत्काराचे फोटो टाक, झालं. मला ते पटत नाहीय.

आणि खरी अडचण पुढेच आहे. सभासद कोण ह्यावरून आमच्यात दर मीटिंगला भांडण होतं. नियम असा की ज्याच्या घरी पेन्शनचा कागद नाहीतर ताम्रपट आहे तोच वारस. पण गावात अशी घरं आहेत जिथली आजी भूमिगत पोरांना रात्री भाकऱ्या नेऊन द्यायची, पत्रकं लपवून पोचवायची, ती ना तुरुंगात गेली ना कुठल्या यादीत आली. तिच्या नातवाने फॉर्म भरला तो परत पाठवला. मग इतिहासात तिला घालायचं का नाही? घातलं तर कमिटी रागावणार, नाही घातलं तर मला झोप येणार नाही.

कोणी असं काही लिहिलंय का? कागद कुठे शोधायचे तेपण सांगा.

---

कागदपत्रकाका
बाय, चांगलं काम हातात घेतलंस. मी सरकारी नोकरीत आयुष्य कागदातच घालवलं, म्हणून थोडं सांगतो.

आधी ती यादी कशी झाली ते समजून घे, म्हणजे कमिटीशी बोलायला सोपं जाईल. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू झाली १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. ताम्रपटही तेव्हाच वाटले. पेन्शनला मुख्य अट सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची, बायकांना तीन महिने. आता गोव्यात काय व्हायचं बघ. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या पोलिसांनी माणूस उचलायचा, पणजीच्या क्वार्तेलात म्हणजे पोलिसांच्या मुख्य ठाण्यात नाहीतर तालुक्याच्या ठाण्यात दोन-चार दिवस झोडपायचा आणि केस न करता सोडून द्यायचा. कितीतरी जणांचं असंच झालं. मिलिटरी ट्रिब्युनलपुढे जे उभे राहिले, आग्वाद नाहीतर रेइश मागुशच्या किल्ल्यातल्या तुरुंगात जे गेले, त्यांचा कागद झाला. जो मार खाऊन घरी आला आणि महिनाभर अंथरुणावर पडला त्याचा कागद कोण करणार? असनोड्याचे बाळा मापारी १९५५ च्या फेब्रुवारीत कोठडीतच गेले, त्यांचं नाव राहिलं ते मेले म्हणून. म्हणजे तुमची यादी कोण लढलं त्याची नव्हे, अटीत कोण बसलं त्याची आहे. पेन्शन द्यायला ती अट ठीक, सरकारला कुठेतरी रेघ मारावीच लागते. इतिहासाला तीच रेघ कशाला?

आता कागद. पणजीला पुराभिलेख खातं आहे, १५९५ पासूनची परंपरा त्या दप्तराची, तिथे जाऊन भेट. सरकारच्या गॅझेटियर खात्याने सैनिकांच्या माहितीचे इंग्रजी खंड केलेत, ते आधी बघ, तुझ्या तालुक्याची नावं एका दिवसात निघतील. मग पाटोला सेंट्रल लायब्ररी, तिथे जुनी पोर्तुगीज आणि मराठी वर्तमानपत्रं. पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांचं म्हणजे पीदेचं दप्तर लिस्बनला तोर दो तोंबोमध्ये आहे. एवढ्या लांब तू जाणार नाहीस, पण तिथे शिकणारं कोणी ओळखीचं असेल तर विचारून ठेव.

पोर्तुगीज कागदात नाव शोधताना एक लक्षात ठेव. आपला प्रभू तिथे पोरोब होतो, शेणै सिनाय होतो, आणि श लिहायला ते एक्स वापरतात. शंकर शोधायला गेलीस आणि एस खाली बघत बसलीस तर जन्मात सापडणार नाही.

आणि अध्यक्षांची यादी शेवटच्या पानावर बारीक टाईपात टाक. प्रोसिडिंग बुकात जिथे शाई जाड झालीय, खाडाखोड आहे, "चर्चेअंती विषय स्थगित" असं लिहिलंय, तिथे इतिहास आहे. ते वाच आधी.

---

नियमात_बसवा
मी दुसरी बाजू सांगतो, राग येऊदे.

भाकरीवाली आजी सगळ्यांच्याच घरी निघते. आमच्या तालुक्यातली एक गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांना सरकारी नोकरी द्यायची योजना गोव्यात आली आणि त्यानंतर ज्यांच्या घरच्यांनी कधी "जय हिंद"चा आवाजपण काढला नव्हता तेसुद्धा फॉर्म घेऊन उभे राहिले. माझ्या वडिलांनी खरोखर आग्वाद बघितलं, आणि त्यांना आपल्या शेवटच्या दिवसात लोकांकडून ऐकायला लागलं की "तुमचंपण तसलंच काय?" ते मी विसरणार नाही. म्हणून आम्ही आमच्या संघटनेत कागदावर अडून बसलो. कागद नसला तर सभासद नाही. कठोर वाटतं, पण त्यामुळेच आमच्या नावाला किंमत आहे.

आजीबद्दल आदर आहे. पण पुरावा काय? नातू सांगतो म्हणून?

---

पेडणेकरीण
@नियमात_बसवा भाऊ राग नाही आला, उलट हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आमच्या कमिटीतले लोक हे तोंडावर बोलत नाहीत, नुसतं "बघूया" म्हणतात. पण सभासदत्व आणि इतिहास ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरता येणार नाहीत का? सभासद नाही केलं तरी तिच्याबद्दल लिहिता तरी येईल ना.

@कागदपत्रकाका तुमचे खूप आभार. प्रोसिडिंग ह्या रविवारपासून वाचायला घेते.

---

न्यूजर्सीतला_गोंयकार
ह्या विषयात माझा संबंध विचित्र पद्धतीने आला म्हणून लिहितो. इथे आमच्या शेजारी एक म्हातारी बाई राहते, ती डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन ह्या संस्थेच्या गावच्या चॅप्टरची म्हणजे शाखेची हिस्टोरियन आहे, म्हणजे तुझंच काम, फक्त अमेरिकेत. तिला कॉम्प्युटरवर स्कॅनिंगला मदत लागायची, मी जायचो, मग कॉफी आणि केकवर तिचे किस्से.

१७७६ च्या क्रांतीत ज्यांनी भाग घेतला त्यांच्या थेट वंशातल्या बायकांची ही संस्था, १८९० ची. त्याच्या आदल्या वर्षी पुरुषांची सन्स नावाची संस्था निघाली होती, त्यांनी बायकांना घ्यायचं नाही असं ठरवलं तेव्हा ह्यांनी आपली वेगळी काढली. आता देशभर तीन हजाराच्या आसपास चॅप्टर आहेत. सभासद व्हायचं तर स्वतःपासून त्या पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू कागदाने जोडून दाखवावा लागतो, दत्तक चालत नाही, रक्ताचं नातं पाहिजे. चॅप्टरची एक रजिस्ट्रार असते ती नव्या बाईला कागद जमवायला मदत करते, मग ते सगळं वॉशिंग्टनला जातं आणि तिथले लोक तपासतात.

आता @नियमात_बसवा भाऊंनी ऐकण्यासारखं. पुराव्याच्या बाबतीत एवढी कडक असलेली ही संस्था "सेवा" कशाला म्हणते बघा. बंदूक घेतलेला शिपाई हवाच असं नाही. सैन्याला धान्य गुरं पुरवली, जखमींची शुश्रूषा केली, गावच्या कमिटीवर काम केलं, निष्ठेची शपथ घेतली, सैन्याच्या पुरवठ्यासाठीचा कर भरला, हे सगळं त्यांच्यात धरतात. म्हणजे भाकरीवाली आजी तिथे पास झाली असती, पण भाकरी दिल्याचा कागद मात्र दाखवावा लागला असता. व्याख्या ढिली, पुरावा घट्ट. आपल्याकडे व्याख्या घट्ट आणि पुरावा कधीकधी ओळखीचा.

पण त्यांची सगळीच गोष्ट घेण्यासारखी नाही. १९३९ साली मेरियन अँडरसन ह्या काळ्या गायिकेला त्यांनी आपल्या वॉशिंग्टनच्या हॉलमध्ये गायला दिलं नाही, त्यावर राष्ट्राध्यक्षांची बायको एलिनॉर रूझवेल्ट हिने संस्थेचा राजीनामा दिला, आणि त्या बाईचं गाणं लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर पाऊण लाख लोकांपुढे झालं. पहिली काळी सभासद त्यांनी १९७७ मध्ये घेतली. काळे लोक त्या युद्धात लढले नव्हते असं थोडंच, त्यांच्या पिढ्यांचे कागदच कोणी ठेवले नव्हते. आणि जेव्हा ह्याच संस्थेने मनावर घेऊन शोधायला सुरुवात केली तेव्हा क्रांतीत भाग घेतलेल्या काळ्या आणि मूळनिवासी लोकांची सहा हजारांवर नावं निघाली. कुठून? पगारपत्रकं, कर भरल्याच्या याद्या, असल्याच कागदांतून.

शेजारणीच्या चॅप्टरचा इतिहास मी वाचलाय. अर्धा कुठे दगड बसवला आणि कोणत्या बाईने टोपी कुठली घातली होती ह्याचाच. पण त्याच बायकांनी गावातल्या पडक्या दफनभूमीत जाऊन थडग्यांवरची नावं उतरवून ठेवली होती, घराघरातल्या बायबलच्या पहिल्या पानावरचे जन्म-मृत्यू टाईप करून ठेवले होते, आज ते दगड झिजले आणि ती वहीच राहिली. पेडणेकरीणताई, तुमच्या लोकांनी असं काही करून ठेवलंय का ते ट्रंकेत बघा.

---

कुंकळ्ळीची_सून
काय मस्त धागा!! मी सासरी आल्यावर जे बघितलं ते सांगते.

लोक समजतात की वंश लावून अभिमान बाळगायची ही अमेरिकन तऱ्हा आहे. अहो आमच्या कुंकळ्ळीत या. १५८३ च्या जुलैत गावकारांनी म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनी जेझुइट पाद्र्यांना मारलं, मग पोर्तुगीजांनी बोलणीला म्हणून गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि सोळापैकी पंधरा जणांना कापून काढलं, एक निसटला. गावची जमीन काढून घेतली. देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आज सव्वाचारशेहून जास्त वर्षांनंतरसुद्धा गावात बारा वांगड म्हणजे कुळं आहेत, आणि फाल्गुनात फातर्प्याहून पालखी येते तेव्हा पुढे छत्र्या असतात बारा, एकेका वांगडाची एकेक. कोण कुठल्या वांगडाचा हे लहान पोरालापण ठाऊक. आणि गंमत म्हणजे त्या वांगडांतली कितीतरी घरं किरिस्तांव म्हणजे ख्रिस्ती आहेत, तरी छत्रीचा मान सुटलेला नाही. गुलाल उडतो तेव्हा कोण कुठल्या धर्माचा ते ओळखूसुद्धा येत नाही.

पण बायकांचं काय? वांगड पुरुषाच्या बाजूने चालतो. गावकारीत म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेतपण तेच. देवस्थानच्या महाजनांचं तेच, १८८६ पासून पोर्तुगीजांनी नियम करून महाजनांचे कातालोग म्हणजे सभासदांच्या याद्या बांधल्या, बापाकडून मुलाकडे. माझी नणंद त्या घरात जन्मली, लग्न झालं आणि तिची पोरं यादीबाहेर. मी बाहेरून आले आणि माझा मुलगा आत. तेव्हा ताई, तुमच्या संघटनेत मुलीच्या मुलांना वारस धरतात का? स्मरणिकेत हे नक्की लिहा, धरत नसाल तर तेसुद्धा लिहा.

---

सत्तरीचो
आमच्या सत्तरीत विचारलं तर म्हणतील १९४६ च्या क्रांतिदिनापासून मोजायला सुरुवात का करता. दीपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ ला नाणूसचा किल्ला घेतला, तीन-साडेतीन वर्षं पोर्तुगीजांना पुरून उरले. १८९५ ला दादा राणे, तेव्हा मराठा शिपायांना आफ्रिकेत मोझांबिकला पाठवत होते म्हणून त्यांनी बंड केलं आणि राणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९१२ ला परत. ह्यांच्या वारसांना पेन्शनचा कागद कुठून येणार? बार्देशात १७८७ चा पिंटोंचा कट, कांदोळीचा, पाद्री लोक होते त्यात, पंधरा जणांना पणजीत मारलं. अमेरिकेवाल्यांना सोपं आहे, त्यांची लढाई आठ वर्षांची. आपली १५१० पासून १९६१.

---

नियमात_बसवा
@सत्तरीचो म्हणूनच म्हणतो रेघ पाहिजे. नाहीतर पुढच्या मीटिंगला परशुरामापासून सुरुवात करतील.

---

बांद्याचो
पेडणेकरीणताय, मी तुमच्या पलीकडचा, पत्रादेवीच्या ह्या अंगाचा, महाराष्ट्रातल्या बांद्याचा. एक सुचवतो. तुमचा अर्धा इतिहास आमच्याकडे आहे.

पेडणं पोर्तुगीजांकडे आलं १७८८ ला, त्याआधी सावंतवाडीकरांचं. म्हणजे तुमचं-आमचं सोयरपण त्याच्या कितीतरी आधीचं. सीमेच्या दोन्ही बाजूला मामा-आत्या, देवाची जत्रा एक. म्हणून भूमिगत पोरांना लपायला घर मिळायचं. १५ ऑगस्ट १९५४ ला गोंयकारांच्या तीन तुकड्या आत शिरल्या, बांद्याकडून टोनी डिसोझा, तेरेखोलला आल्फ्रेद आफोन्सो, दक्षिणेत पोळ्याला मार्क फर्नांडिस. तेरेखोलच्या किल्ल्यावर तर तिरंगा लागला. पुढच्या वर्षी मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे आले, आणि १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून हजारो. पत्रादेवीला पंजाबचे करनैलसिंग पडले, मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन होत्या त्यांना गोळ्या लागल्या पण वाचल्या. तेरेखोलला हिरवे गुरुजी गेले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, आणि मामाच्या गावाला जायचं म्हणजे गुन्हा झाला.

ह्या सत्याग्रहींना बांद्यात कोणी ठेवलं, रात्री आंबील कोणी शिजवली, जखमींना कोणी उचललं, बैलगाडी कोणाची, ही नावं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतात. आमच्याकडे त्यांची यादीच नाही कारण आम्ही तर आधीच भारतात होतो, आम्हाला कसलं स्वातंत्र्यसैनिकपण. तुमच्या स्मरणिकेला सीमा ठेवू नका. बांद्याला या, मी दोन-तीन घरी नेतो, एकजण नव्वदीचे आहेत, कानाने कमी पण बाकी टकाटक. पावसाच्या आधी या, पावसात ते पोरीकडे वेंगुर्ल्याला जातात.

---

म्हापशेकर_वकील
कागद जोडण्याबद्दल एक प्रॅक्टिकल गोष्ट. वंश सिद्ध करायला गोव्यासारखी सोय भारतात दुसरीकडे मिळणं कठीण. पोर्तुगीज काळातली सिव्हिल रजिस्ट्रेशनची बुकं आहेत, जन्म लग्न मृत्यू सगळं. किरिस्तांवांचं इगर्जीत म्हणजे चर्चमध्येपण मिळतं. आणि माणूस मेल्यावर कोर्टात जो इन्व्हेंतार म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचा दावा होतो त्यात सगळे वारस नावानिशी, मुली आणि जावई धरून. सक्सेशन डीड असेल तर अजून बरं. कुंकळ्ळीच्या वहिनींनी म्हटलं ते बरोबर, वांगडात मुलगी नाही, पण आपल्या सिव्हिल कोडात मुलगी पूर्ण वारस आहे, तेव्हा संघटनेने निदान कायद्याएवढं तरी पुढे यावं.

हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्टसाठी लोक येतात, आजोबांचा १९६१ च्या आधीचा जन्मदाखला, आई-बापाचं लग्न, सगळं सर्टिफाइड, लिस्बनला नोंदवायला तयार. त्यातल्या एका घराने तीच फाइल झेरॉक्स करून वारसांच्या संघटनेत दिली. आजोबा पोर्तुगीजांच्या तुरुंगात, नातू त्याच आजोबांच्या कागदावर लंडनला. मी कोणाला नावं ठेवत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण ताई, तुमच्या स्मरणिकेत हे आलं तर लोक वाचतील. त्या घराला विचारून घाला म्हणजे झालं.

---

पेडणेकरीण
मंडळी, अपडेट देते. प्रोसिडिंग वाचून काढली, डोळे गेले पण सोनं मिळालं.

काकांनी सांगितलं तसंच, पहिली काही वर्षं नुसता पेन्शनचा विषय, कोणाचा अर्ज अडकला, कोणाला तुरुंगाचा दाखला मिळत नाही, कोण कोणासाठी साक्ष देतो. म्हणजे ही संघटना मुळात झेंडावंदनासाठी निघालीच नव्हती, एकमेकांचे अर्ज लिहून द्यायला निघाली होती, कारण अर्ध्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि अर्ध्यांचे कागद पोर्तुगीजमध्ये. हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं! सत्कार-बित्कार सगळं मागाहून आलं, पेन्शन सुरळीत झाल्यावर.

आणि एक पान. एका विधवा बाईने पत्र लिहिलंय की नवरा भूमिगत असताना घराची तीन वेळा झडती झाली, भाताची कणगी उलटी केली, मला ठाण्यावर नेऊन बसवलं, दुसऱ्या दिवशी सोडलं, तर मला सभासद करून घ्या, पेन्शन नको. खाली सेक्रेटरीच्या अक्षरात "बाईंच्या भावनांचा आदर राखून विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले." पुढच्या सभेत तो विषय नाही. त्याच्या पुढच्या सभेतपण नाही. मी सगळी रजिस्टरं शेवटपर्यंत बघितली, तो विषय परत आलेलाच नाही.

तेव्हा मी ठरवलंय, ते पत्र जसंच्या तसं छापणार आणि त्याच्याखाली ती ठरावाची ओळ. काही टिप्पणी करणार नाही. त्यांच्या नातीला भेटून परवानगी घेतली, ती म्हापशाला बँकेत असते, तिला आजीने असलं पत्र लिहिलं होतं ह्याचा पत्ताच नव्हता. घरी आजी कधी बोललीच नाही म्हणे.

@कुंकळ्ळीची_सून वहिनी, मुलीच्या मुलांबद्दल नियमात काहीच लिहिलेलं नाही, पण सभासदांच्या रजिस्टरात बघितलं तर एकसुद्धा नाही. म्हणजे कोणी ठरवलं नाही आणि तरी झालं.

@न्यूजर्सीतला_गोंयकार तुमची व्याख्या ढिली, पुरावा घट्ट ही गोष्ट मी कमिटीत सांगितली. दोघे उठून गेले, तिघांनी ऐकून घेतलं.

---

नियमात_बसवा
ते पत्र हाच पुरावा आहे हो. त्या काळात लिहिलेलं, सहीचं, संघटनेच्याच दप्तरातलं, आणि पेन्शन नको असं स्वतः म्हणतेय ती. मी असतो तर घेतलं असतं.

पण नुसतं "आमच्या घरी असं सांगतात" ह्याच्यावर नको, त्यावर मी ठाम. तुम्ही असं करा, स्मरणिकेत तीन रकाने करा. ज्यांचा कोर्टा-तुरुंगाचा कागद आहे ते, ज्यांचा त्या काळातला दुसरा काही कागद आहे, पत्र पावती फोटो वर्तमानपत्र, ते, आणि ज्यांचं फक्त घरचं सांगणं आहे ते. तिसऱ्या रकान्यात कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं ते लिहा. मग वाचणारा ठरवेल. खोटं घुसवणारा माणूस स्वतःच्या नावाने सांगायला घाबरतो हा माझा अनुभव.

---

कागदपत्रकाका
@नियमात_बसवा हे एकदम बरोबर बोललास बाबा. तीन रकाने छान.

पेडणेकरीण, एक राहिलं. ते मूळ पत्र आणि रजिस्टरं प्रेसवाल्याच्या हातात देऊ नको. आधी स्कॅन कर, मोबाइलने काढलीस तरी चालेल पण उजेडात आणि पान सरळ धरून. ट्रंक जमिनीवर ठेवू नको, पावसाळ्यात खालून ओल येते आणि वाळवी लागते. डांबर गोळ्या घालतात लोक, त्याने वाळवी जात नाही, नुसता वास येतो. फोटो घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा आणि मागे पेन्सिलीने नावं लिही, बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते.

---

बांद्याचो
आणि फोटो आमच्याकडेपण घेऊन या, आमचे नव्वदीचे आजोबा चेहरे बरोबर ओळखतात. कधी येताय ते सांगा, मी त्यांच्या सुनेला फोन करून ठेवतो.

---

पेडणेकरीण
पुढच्या रविवारी सकाळच्या कदंबा बसने येते, फोटो सगळे घेऊन. काका, पेन्सिल घेतलीय.

त्या पोर्तुगीज कागदांचे फोटो उद्या रात्री इथे टाकते, एकावर शिक्का आहे आणि आमच्याच गावातल्या कोणाचं तरी नाव आहे असं वाटतंय, पोरोब लिहिलंय. कोणाला वाचता येत असेल तर बघा.

---

म्हापशेकर_वकील
टाका, मी वाचतो. शिक्क्याचा भाग जवळून वेगळा काढा, कुठल्या ऑफिसचा ते त्यावरच कळतं.